मॅनेजर म्हणा, पण पगार लिहून द्या

नेकनूरच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओच्या काउंटरमागे बसलेल्या तरुणाला सगळे गाव 'मॅनेजर' म्हणते. कुणाला शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो हवा असतो, कुणाला हजच्या अर्जाची घाई असते, कुणी लेकीच्या लग्नाची तारीख सांगून बयाना ठेवून जाते. दुकानाची किल्ली त्याच्या खिशात असते, गल्ल्याचा हिशेब त्याच्या वहीत असतो आणि रात्री अकराला "आमचा अल्बम कधी मिळणार?" असा फोनही त्यालाच येतो. मालक दिवसातून एकदा चक्कर टाकून जातो. एवढे सांभाळणाऱ्या मुलाला पगार किती, असे त्याच्या घरी विचारले तर उत्तर बहुधा दोन शब्दांत मिळते: "बघून देतात."

या महिन्याच्या सदरात आम्ही या दोन शब्दांबद्दल बोलणार आहोत. मुलाला कामाला लावताना अब्बा विचारतात, मुलीसाठी स्थळ पाहताना मामू विचारतात, आणि घरखर्चाची वही सांभाळणारी अम्मी तर दर महिन्याला विचारते. तरीही स्टुडिओच्या मॅनेजरचा पगार नेमका कशावर ठरतो, याचा विचार फारसा होत नाही. आमचे म्हणणे सरळ आहे. पगार 'मॅनेजर' या नावावर ठरत नाही, अंगावर घेतलेल्या जबाबदारीवर ठरतो. आणि ती जबाबदारी कुठे लिहिलेली नसेल, तर तिचा मोठा भाग फुकट जातो.

एका खुर्चीत चार माणसे

शहरातल्या मोठ्या स्टुडिओत कामे वाटलेली असतात. एक माणूस गिऱ्हाईक पाहतो, दुसरा शूटिंगला जातो, तिसरा मिक्सिंग आणि अल्बमचे डिझाइन करतो, चौथा हिशेब ठेवतो. मॅनेजर या चौघांची मोट बांधतो. नेकनूरसारख्या मोठ्या ग्रामपंचायतीच्या गावात हे चारही जण एकाच खुर्चीत बसलेले असतात.

मुलाची कमाई समजून घ्यायची तर आधी तो या चारांपैकी कोणकोणती कामे करतो, ते पाहावे लागते. नुसते काउंटर सांभाळणारा माणूस दुसरा मिळतो, म्हणून त्याचा भाव कमी. कॅमेरा चालवणाऱ्याचा भाव त्याहून जास्त. मिक्सिंग येणाऱ्याचा आणखी जास्त, कारण ते काम बाहेर दिले तर मालकाला प्रत्येक ऑर्डरमागे रोख पैसे मोजावे लागतात. पण सर्वात महागडे काम कॅमेऱ्याचे नसते. ते असते वसुलीचे. लग्न झाले, पाहुणे पांगले, अल्बम तयार झाला आणि उरलेली रक्कम अडकली, की ती गोडीगुलाबीने आणणारा माणूस मालकासाठी सोन्यासारखा असतो. लॅबचे बिल, दुकानाचे भाडे, कॅमेऱ्याच्या कर्जाचा हप्ता, सगळे त्या वसुलीतून निघते. गंमत अशी की पगार ठरवताना याच कामाचा उल्लेख कुणी करत नाही.

म्हणून घरातल्या मोठ्यांनी मुलाला "किती देतात?" हे विचारण्याआधी "काय काय करून घेतात?" हे विचारावे. एका कागदावर आठवडाभराची कामे मांडावीत. कागद भरला की पगाराची चर्चा कुठून सुरू करायची ते कळते.

दोन पंचांगांचा धंदा

नेकनूर बालाघाटाच्या माथ्यावरचे गाव. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना ते लागते. इथला आठवडी बाजार भरला की आसपासच्या वाड्या-वस्त्यांची माणसे गावात येतात आणि स्टुडिओच्या पायरीवर गर्दी होते. पण स्टुडिओचे खरे उत्पन्न बाजारावर चालत नाही, लग्नांवर चालते. आणि इथली लग्ने दोन पंचांगांवर चालतात.

आपल्याकडे रमजानमध्ये लग्न लावत नाहीत. मुहर्रममध्येही टाळतात. शरियतची मनाई नसली तरी रिवाज तसा आहे. हिंदू घरांत चातुर्मास आणि अधिक महिना टळतो. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणून आपला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. ही दोन चाके एकमेकांत फिरतात, तेव्हा स्टुडिओचा हंगाम ठरतो.

2026 हे वर्षच घ्या. रमजान 19 फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपतो. ईदनंतर मेच्या मध्यापर्यंत दोन्हीकडची लग्ने एकदम येतात. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे हिंदू लग्ने थांबतात, पण आपली चालू राहतात. जूनच्या मध्यानंतर मुहर्रम लागतो. आपली थांबतात, तर हिंदू लग्नांचे मुहूर्त आषाढी एकादशीपर्यंत पुन्हा मिळतात. ज्या स्टुडिओचे गिऱ्हाईक एकाच समाजाचे, त्याच्या हातातून महिना-महिना कोरा जातो. ज्याच्या काउंटरवर 'सलाम' आणि 'रामराम' दोन्ही ऐकू येतात, त्याच्या तारखा भरलेल्या राहतात. हे जमवणारा मॅनेजर असेल, तर वर्षाच्या उत्पन्नात त्याचा वाटा उघड दिसतो. पगाराच्या बोलण्यात तो मुद्दा निघायला हवा.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक ताल आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवरून उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मग गावे भरतात आणि लग्ने निघतात. म्हणजे एप्रिल-मे या दोन महिन्यांत मॅनेजरला रात्रीचा दिवस करावा लागतो आणि पावसाळ्यात माश्या मारत बसावे लागते. पगार मात्र बाराही महिने सारखाच. यात वाईट काही नाही, उलट बांधलेला पगार हे मंदीतले छत्र असते. प्रश्न एवढाच की हंगामातल्या जादा कष्टांचा हिशेब कुठे होतो?

उचल: न दिसणारी कात्री

ऊसतोड कामगाराला मुकादमाकडून 'उचल' मिळते. कोयता हातात घेण्याआधीच कर्ज अंगावर येते आणि मग भावाबद्दल बोलायला तोंड उरत नाही. हे दुखणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. पण हीच उचल दुकानातल्या नोकरीतही असते, फक्त तिला तसे कुणी म्हणत नाही. बहिणीच्या लग्नाला पन्नास हजार, अब्बांच्या दवाखान्याला वीस हजार. मालक अडीनडीला उभा राहतो ही मोठी गोष्ट आहे आणि त्याचे आभार मानायलाच हवेत. पण त्यानंतर तीन वर्षे पगारवाढीचा विषय मुलगा काढत नाही, कारण "उपकाराखाली आहोत". उपकार आणि मोबदला यांची वही वेगळी ठेवली नाही, तर दोन्ही नासतात. उचल किती, दर महिन्याला किती कापायची, कधी फिटणार, हे तीन आकडे घरात माहीत असावेत. कर्ज कर्जाच्या जागी, पगार पगाराच्या जागी.

मोठ्या स्टुडिओंचा धडा

पगारी स्टुडिओ ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. 1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि एस. फत्तेलाल असे पाच भागीदार. फत्तेलाल म्हणजे शेख फत्तेलाल, सगळ्यांचे 'साहेबमामा'. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हाताने काम शिकलेला हा कलावंत प्रभातमध्ये मालकांपैकी एक झाला. 1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' 1936 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या काळच्या स्टुडिओत नटापासून सुतार-शिंप्यापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर असत. काम कमी असो वा जास्त, पहिल्या आठवड्यात घरी पैसे पोहोचत.

आपल्या मुलांनी साहेबमामांकडून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. कौशल्य असलेल्या माणसाला भागीदारी मिळू शकते. भांडवल पैशाचेच असते असे नाही, हाताचेही असते. पण हाताचे भांडवल भागीदारीच्या कागदावर आले, तरच ते भांडवल ठरते. नाहीतर ती नुसती मेहनत.

दुसरे उदाहरण मुंबईचे. 1934 मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली. त्या स्टुडिओचा कारभार पाहणाऱ्यांत रायबहादूर चुनीलाल हे नाव मोठे. ते तिथले जनरल मॅनेजर होते. संगीतकार मदनमोहन यांचे ते वडील. हिमांशू राय यांच्या मृत्यूनंतर स्टुडिओत दोन तट पडले आणि 1943 मध्ये चुनीलाल, शशधर मुखर्जी, अशोक कुमार आणि ज्ञान मुखर्जी बाहेर पडले. त्यांनी गोरेगावात फिल्मिस्तान सुरू केले. कारभार जाणणारा माणूस गेला की त्याच्यासोबत माणसे जातात, ओळखी जातात, गिऱ्हाईकही जाते. मालकाने हे लक्षात ठेवावे. चांगल्या मॅनेजरचा पगार वाचवला, असे वाटते तेव्हा अनेकदा शेजारच्या गल्लीत दुसरा स्टुडिओ उघडायची तयारी चालू असते.

आणि याच बॉम्बे टॉकीजमधला एक प्रसंग आपल्या विषयाला अगदी लागू आहे. पुण्यात लष्कराच्या कँटीनमध्ये काम केलेल्या युसूफ खान नावाच्या तरुणाला 1942 मध्ये देविका राणींनी नोकरी देऊ केली आणि 1,250 रुपये पगार सांगितला. ही रक्कम महिन्याची असेल यावर त्याचा विश्वास बसेना. वर्षाचीच असणार, असे वाटून त्याने खात्री करून घेतली. ती महिन्याचीच निघाली. पुढे हा तरुण दिलीप कुमार म्हणून ओळखला गेला. प्रसंग वाचून हसू येते, पण त्यातली गोष्ट साधी आहे. आकडा ऐकला म्हणजे पगार समजला असे होत नाही. तो किती दिवसांचा, कोणत्या कामाचा आणि केव्हा मिळणार, हे विचारावे लागते. विचारण्यात लाज नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिनेमात युद्धाचा पैसा आला. नट प्रत्येक चित्रपटाचे वेगळे पैसे घेऊ लागले आणि पगारी स्टुडिओ एकामागून एक मोडले. पुढचे स्टुडिओ मुख्यतः शूटिंगसाठी जागा भाड्याने देणारे झाले. तिथे मॅनेजरचे मोल वर्षातले किती दिवस फ्लोअर भरलेला राहतो, यावर ठरू लागले. नेकनूरचा स्टुडिओ आणि गोरेगावचा स्टुडिओ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण हा हिशेब दोन्हीकडे एकच आहे. रिकामी तारीख कुणालाच परवडत नाही.

नेकनूर की पुणे?

"पुण्यात जास्त मिळतात," असे मुले म्हणतात. आकडा जास्त असतो हे खरे. पण हिशेब पुरा करून पाहावा. समजा, गावात घरी राहून मुलाला 12,000 मिळतात आणि येण्याजाण्यात, वरखर्चात 2,000 जातात. हातात 10,000 उरले. समजा, पुण्यात 20,000 ठरले. खोलीचा वाटा 4,000, मेस 4,500, प्रवास आणि मोबाइल 1,500. उरले तेच 10,000. आपल्या घरचे खरे आकडे या जागी टाकून पाहा, चित्र स्पष्ट होईल.

मग जायचे की नाही? याचे उत्तर उरलेल्या पैशात नाही, शिकलेल्या कामात आहे. पुण्याच्या स्टुडिओत दोन वर्षे राहून मुलगा प्रकाशयोजना, रंगसंगती, आवाजाचे मिक्सिंग शिकणार असेल तर ते दहा हजार बियाण्यासारखे आहेत. तिथेही तो फक्त बॅगा उचलणार आणि ट्रायपॉड धरणार असेल, तर घरच्या भाकरीपासून दूर राहून हाती काही लागले नाही. ड्रोनचेच पाहा. आता लग्नात ड्रोन सर्रास दिसतो. पण ड्रोन नियम 2021 नुसार 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर प्रमाणपत्र लागते. ज्या मुलाकडे ते आहे, त्याचा भाव वेगळा.

स्वतःचा कॅमेरा हाही मोठा मुद्दा. मुलगा स्वतःचा कॅमेरा, लेन्स किंवा कॉम्प्युटर दुकानाच्या कामाला वापरत असेल, तर त्याला पगाराशिवाय त्या वस्तूचे भाडे मिळायला हवे. कॅमेऱ्याची झीज होते, पडला तर दुरुस्ती येते. वस्तू मुलाची आणि कमाई पूर्ण मालकाची, असा व्यवहार टिकत नाही.

'मॅनेजर' या नावाची किंमत

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्रात दुकानांतल्या कामगारांना किमान वेतन लागू आहे. त्यासाठी राज्याची तीन परिमंडळे केलेली आहेत. छत्रपती संभाजीनगरसारखी महानगरपालिका पहिल्यात, बीडसारखी नगरपालिका दुसऱ्यात आणि नेकनूरसारखे ग्रामपंचायतीचे गाव तिसऱ्यात. प्रत्येक परिमंडळात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन दर असतात. त्यातला महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. एकच काम करणाऱ्या दोन मुलांचे किमान दर नेकनुरात आणि बीडमध्ये वेगळे असू शकतात, त्याचे हे एक कारण. चालू दर बीडच्या कामगार कार्यालयात पाहायला मिळतो. आपला मुलगा कॅमेरा आणि मिक्सिंग दोन्ही करतो, तर तो 'कुशल' आहे. ठरलेला पगार त्या दराच्या खाली नाही ना, एवढे घरच्यांनी तपासावेच. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे, हाही नियम आहे.

पण एक बारीक गोष्ट फार कमी घरांना ठाऊक असते. दुकाने आणि आस्थापनांसाठी राज्याचा 2017 चा कायदा आहे. त्यात जादा कामाला दुप्पट दराची तरतूद आहे. मात्र व्यवस्थापकीय, पर्यवेक्षणाच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावर असलेला माणूस या कायद्याच्या बाहेर ठेवलेला आहे. शिवाय या कायद्याच्या बहुतेक तरतुदी मोठ्या आस्थापनांसाठी आहेत. दोन-तीन माणसांच्या दुकानाने सरकारला व्यवसायाची सूचना दिली की पुरते. म्हणजे गावातल्या 'मॅनेजर' मुलाच्या बाबतीत दोन दारे बंद होतात. एक दुकान लहान म्हणून, दुसरे हुद्दा मोठा म्हणून. वाद झालाच तर हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे ते न्यायालये पाहतात, हे खरे. पण हजार-पाचशेसाठी न्यायालयात कोण जातो?

भविष्य निर्वाह निधी सक्तीचा होतो तो वीस माणसांच्या आस्थापनेला. बोनसचेही तसेच. ग्रॅच्युइटीला दहा माणसे लागतात. छोट्या स्टुडिओत यातले काहीच नाही. म्हणून म्हातारपणाची सोय मुलाला स्वतः करावी लागते आणि ती पगार ठरवताना डोक्यात असावी लागते. शहरातल्या मोठ्या कंपनीच्या स्टुडिओत पगाराचा आकडा कमी वाटला, तरी निधीत मालकाचे 12 टक्के जमा होत असतील, तर ती रक्कम धरून तुलना करावी.

जादा कामाचा हिशेब मात्र छोट्या दुकानातही आपसात ठरवता येतो. समजा पगार 12,000. महिन्याचे 26 दिवस, दिवसाचे आठ तास. तासाचे झाले सुमारे 58 रुपये, दुप्पट दराने 115. हंगामात वीस कार्यक्रमांना प्रत्येकी चार तास जास्त थांबावे लागले तर ऐंशी तास झाले. त्याचे सुमारे 9,200 रुपये होतात. हे पैसे 'घरचाच माणूस' या दोन शब्दांत विरघळून जातात. ईदला मालकाने आपुलकीने 2,000 हातावर ठेवले तर घर खूश होते. आपुलकी चांगलीच. पण ईदी ही ईदी आहे, ती मजुरीची जागा घेऊ शकत नाही.

हिस्सा ठरवताना

काही मालक पगारासोबत हिस्सा देतात. हा मार्ग चांगला, कारण त्यात दोघांचे हित एक होते. फक्त हिस्सा कशावर, हे आधी ठरावे. समजा वर्षात 40 ऑर्डर आल्या, प्रत्येकी सरासरी 30,000. म्हणजे 12 लाखांचे काम. दोन टक्के हिस्सा असेल तर 24,000. पण दोन लाखांची वसुली अडकली आणि हिस्सा वसुलीवर ठरला असेल, तर 20,000. आणि हिस्सा नफ्यावर असेल, तर आधी लॅबचे बिल, मदतनीस, गाडी, भाडे, हप्ते वजा होणार. समजा तीन लाख उरले, दहा टक्क्यांनी 30,000 होतील. ऐकायला दहा टक्के भारी वाटतात आणि दोन टक्के हलके, पण नफ्याची वही मुलाला पाहायला मिळणार नसेल, तर त्या दहा टक्क्यांना अर्थ नाही. आमचा सल्ला असा की नवख्याने वसुलीवर हिस्सा मागावा. ती रक्कम दोघांच्याही डोळ्यांसमोर येते.

अमानत

स्टुडिओच्या मॅनेजरकडे एक अशी वस्तू असते, जिची किंमत कोणत्याही दरपत्रकात नसते. ती म्हणजे आपल्या घरांचा विश्वास. मेहंदीच्या रात्रीचे फोटो, नवरीच्या खोलीतले फोटो, पडद्यातल्या बायकांचे फोटो त्याच्या कार्डात आणि हार्ड डिस्कमध्ये असतात. एक फोटो नको त्या मोबाइलवर गेला तर एका घराची झोप उडते आणि स्टुडिओचे नाव कायमचे जाते. फोटो ही अमानत आहे असे समजणारा माणूस ज्या दुकानात आहे, तिथे लोक दोन पैसे जास्त देऊन जातात. कार्ड कुणाकडे, पासवर्ड कुणाला माहीत, अल्बम दिल्यानंतर फोटो किती दिवस ठेवायचे, जाहिरातीत वापरायचे तर घरच्यांची लेखी परवानगी कशी घ्यायची, हे नियम जो मॅनेजर घालतो आणि पाळतो, त्याने त्याचा मोबदला मागावा. ही जबाबदारी कॅमेऱ्यापेक्षा जड आहे.

आणि इथेच आपल्या मुलींसाठी एक दार उघडते. बायकांच्या कार्यक्रमांना बाई फोटोग्राफर हवी, अशी मागणी आपल्या घरांतून होतेच. कॅमेरा आणि अल्बमचे डिझाइन शिकलेली मुलगी बायकांच्या सगळ्या ऑर्डर सांभाळू शकते. डिझाइनचे काम तर घरी बसूनही होते. तिला 'मदतीला येते' म्हणून अर्धा मोबदला देऊ नये. जे काम दुसरा कुणी करूच शकत नाही, त्याचा भाव उलट जास्त असायला हवा. राज्यात दरमहा 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना 2023 पासून व्यवसाय कर नाही. पुरुषांना मात्र 10,000 च्या वर गेले की वर्षाला 2,500 रुपये भरावे लागतात. लहान गोष्ट, पण हिशेबात धरावी.

एक पान पुरे

"ओळखीत काय लिहायचे?" हा आपल्या गावांतला ठरलेला प्रश्न. मालक मामूचा मित्र, दुकान गल्लीतले, जुमाला शेजारी उभे राहणारे लोक. लिहून मागितले तर विश्वास नाही असे वाटेल. पण कुरआनमधली सर्वात लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे, हे आपण विसरतो. मजुराला मजुरी देण्यात उशीर करू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणही आपल्याला तोंडपाठ आहे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. लिहिल्याने उद्याचे भांडण आजच मिटते आणि नाते वाचते.

एक पान पुरते. त्यात एवढे असावे: काम कोणते आणि कामाचे तास किती. महिन्याचा पगार किती आणि कोणत्या तारखेला. जादा तासाचा दर काय. हिस्सा असेल तर कशावर आणि हिशेब केव्हा. उचल किती आणि कापणी किती. स्वतःचा कॅमेरा वापरला तर भाडे किती. कॅमेरा पडला, कार्ड खराब झाले, तर भरपाई कुणाची. आठवड्याची सुट्टी कोणती. पगार पुन्हा कधी ठरवायचा. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. पगार शक्यतो बँकेच्या खात्यात घ्यावा. उद्या कर्ज काढायचे झाले किंवा दुसरीकडे नोकरी मागायची झाली, तर खात्यातल्या नोंदी कामाला येतात. 'बघून देतात' हे कोणत्याही बँकेला दाखवता येत नाही.

मालकांनाही आमचे सांगणे आहे. तुमची अडचण आम्हाला दिसते. लग्नाची बाकी वर्षभर अडकते, लॅब रोख मागते, मोबाइलच्या कॅमेऱ्याने पासपोर्ट फोटोचे गिऱ्हाईकही कमी केले. सगळ्यांना पुण्याएवढा पगार द्या, असे कुणी म्हणत नाही. कमी द्यायचे असेल तर कमी ठरवा, पण ठरवा. जे ठरेल ते तारखेला द्या. ज्या मुलाला आपल्या कमाईचा आकडा ठाऊक असतो तो घर चालवू शकतो, बचत करू शकतो, लग्न ठरवताना खरे बोलू शकतो. आणि अशा मुलाच्या हातून गल्ला, किल्ली आणि लोकांची अमानत, तिन्ही सुरक्षित राहतात.

हे पान आज रात्री जेवणानंतर घरात काढून बसा. मुलाची किंवा मुलीची कामे एका बाजूला लिहा, मिळणारे पैसे दुसऱ्या बाजूला. मालकाशी बोलायला जाताना आवाज चढवू नका. सलाम करा, चहा घ्या आणि कागद पुढे ठेवा. बोलणे तिथून सुरू होईल, इन्शाअल्लाह.